साचा आणि आवाज

१

२३ सप्टेंबर २००७ च्या रात्री दिल्लीतील एका रंगमंचावर प्रशांत तमांग या तरुणाचे नाव विजेता म्हणून पुकारले गेले आणि दार्जिलिंगच्या डोंगराळ मुलखातील रस्ते माणसांनी भरून गेले. प्रशांत हा कोलकाता पोलिसांतील शिपाई होता. वडिलांच्या अकाली निधनानंतर त्याने ती नोकरी पत्करली होती आणि पोलिसांच्याच वाद्यवृंदात तो गात असे. ‘इंडियन आयडॉल’ या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेचे ते तिसरे पर्व. अंतिम फेरीत त्याच्यासमोर शिलाँगचा अमित पॉल होता आणि गायक म्हणून अमितच सरस आहे असे मानणारे श्रोते पुष्कळ होते. तरीही कौल प्रशांतच्या बाजूने पडला. त्यामागे अनेक महिने चाललेली एक खटपट होती. दार्जिलिंगच्या गावागावांत वर्गणी गोळा झाली, चाहत्यांची मंडळे उभी राहिली, पीसीओच्या दूरध्वनींवरून आणि मोबाइल संदेशांवरून रात्र रात्र मते नोंदवली गेली. चहाच्या मळ्यांत रोजंदारीवर राबणाऱ्या माणसांनीही त्यासाठी पदरचे पैसे घातले.

त्यानंतरच्या पाच दिवसांत जे घडले ते एखाद्या गायनस्पर्धेच्या इतिहासात सहसा घडत नाही. दिल्लीतील एका नभोवाणी निवेदकाने विजेत्याच्या समाजाला पहारेकऱ्यांचा समाज म्हणून हिणवणारे उद्गार काढले. २८ सप्टेंबर रोजी त्याच्या निषेधार्थ सिलिगुडीत मोर्चा निघाला, दंगल उसळली, संचारबंदी लागली आणि लष्कर बोलवावे लागले. ७ ऑक्टोबर २००७ रोजी बिमल गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला. प्रशांतसाठी मते गोळा करण्याच्या मोहिमेत जे पुढे होते त्यांतलेच ते एक. १९८६ ते १९८८ या काळातील आंदोलनानंतर थंडावलेली स्वतंत्र गोरखालँडची मागणी अशा रीतीने पुन्हा पेटली. वीस वर्षे त्या डोंगरावर ज्यांचा शब्द अंतिम मानला जाई त्या सुभाष घिशिंग यांची सत्ता काही महिन्यांतच ढासळली.

या घटनाक्रमात वाङ्मयाच्या अभ्यासकाला थबकायला लावणारी एक गोष्ट आहे. प्रशांत तमांग त्या मंचावर आठवड्यामागून आठवडे गायला ती हिंदी चित्रपटगीते होती. ज्या संहितेभोवती एका भाषिक समाजाची अस्मिता एवढ्या तीव्रतेने एकवटली, त्या संहितेत त्या समाजाची भाषा नव्हती, त्याच्या चाली नव्हत्या, त्याचा इतिहास नव्हता. स्पर्धेचा आराखडा इंग्लंडमधला, गीते मुंबईतली, प्रायोजक बहुराष्ट्रीय. नेपाळी होता तो केवळ गाणाऱ्याचा चेहरा, त्याचे आडनाव आणि हिंदी शब्द उच्चारताना मधूनच जाणवणारा पहाडी हेल. अस्मिता ही संहितेच्या आशयातून प्रकट होते असे गृहीत धरणाऱ्या समीक्षेची येथे अडचण होते.

२

ज्या साच्यात हे घडले त्याचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १९९९ साली न्यूझीलंडमध्ये ‘पॉपस्टार्स’ हा कार्यक्रम झाला. तेथून ही कल्पना इतर देशांत गेली, २००१ साली इंग्लंडमध्ये सायमन फुलर यांच्या ‘पॉप आयडॉल’च्या रूपाने तिला प्रेक्षकांच्या मतदानाची जोड मिळाली, २००२ साली अमेरिकेत ती प्रचंड यशस्वी ठरली आणि ऑक्टोबर २००४ मध्ये ‘इंडियन आयडॉल’ सुरू झाले. मार्च २००५ मध्ये त्याचा पहिला मानकरी ठरलेला अभिजित सावंत हा मुंबईचा मराठी मुलगा होता. ज्याला ‘जागतिक’ म्हटले जाते तेही मुळात कुठल्यातरी कोपऱ्यातले असते, एवढे यातून लक्षात घ्यावे. न्यूझीलंड काही जगाचे केंद्र नव्हे.

अधिक महत्त्वाचा आहे तो या प्रवासाचा करार. मराठीला परकीय कृती आपल्याशा करून घेण्याची सवय जुनी आहे. आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले. देवलांनी १८९० साली ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. त्या रूपांतरकारांसमोर आशय परका होता आणि त्याला पेहराव आपला द्यायचा होता. पात्रांची नावे बदलली, चालीरीती बदलल्या, भाषेला घरंदाज वळण दिले. कुठे किती बदल करावा हे ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी रूपांतरकाराचा होता. शेक्सपिअरचा कोणी प्रतिनिधी पुण्याच्या नाटकगृहात बसून तपासणी करीत नव्हता.

दूरचित्रवाणीच्या साच्याचे रूपांतर याच्या नेमके उलट चालते. येथे परके आहे ते रूप, आणि ते विकत घेतलेले आहे. चाचणीफेऱ्या कशा असाव्यात, परीक्षक किती आणि परस्परांहून कसे भिन्न असावेत, प्रकाश केव्हा मंद व्हावा, निकालापूर्वी किती वेळ ताटकळत ठेवावे, बोधचिन्ह कसे असावे, या सर्वांची तपशीलवार पोथी परवान्याबरोबर येते. आशयाची जागा मात्र मोकळी ठेवलेली असते. ती भरण्याचे काम स्थानिकांचे. म्हणजे मराठी नाट्यरूपांतराने बाहेरच्या आशयाला आपला घाट दिला. या रूपांतरात बाहेरच्या घाटाला आपण आपला आशय पुरवतो. हा फरक केवळ तांत्रिक नव्हे. घाट हा आशयाचा निष्क्रिय वाहक नसतो, हे मराठी समीक्षेने फार पूर्वीच मान्य केलेले आहे. मग जो घाट जगभर सारखाच राहतो तो त्यात येणाऱ्या प्रत्येक आशयाचे काय करतो, असा प्रश्न उरतोच.

३

अशा कार्यक्रमांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की ते स्थानिक संस्कृती पुसून टाकतात. हा आक्षेप वस्तुस्थितीला धरून नाही. साचा स्थानिकतेचा शत्रू नसून तिचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे. तिच्यावाचून तो उभाच राहू शकत नाही. स्पर्धकाचे गाव दाखवले जाते, घराचा उंबरा दाखवला जातो, आईच्या डोळ्यांतील पाणी जवळून टिपले जाते. इंग्लंड-अमेरिकेत परीक्षकाच्या तुसड्या वाग्बाणांना जे स्थान होते ते येथे परीक्षकाच्या पायांना हात लावण्याने घेतले. गुरूविषयीचा आदर हा आपला संस्कार आहे, असे म्हणून त्याचे कौतुक करता येईल. पण ज्याची गाठ चाचणीच्या दिवशी प्रथम पडली त्याच्याशी गुरुशिष्याचे नाते कुठले? तो संस्कार तेथे संस्कार म्हणून राहत नाही, संस्काराची खूण म्हणून उरतो. साच्याला खुणा हव्या असतात, कारण त्या चटकन वाचता येतात.

मराठीतील अनुभव या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. १९९५ साली झी वाहिनीवर हिंदीत सुरू झालेले ‘सा रे ग म’ हे ‘पॉप आयडॉल’च्या आधीचे आणि देशी उपजेचे. शास्त्रीय संगीतातील ज्येष्ठांपुढे नवशिक्याने गावे आणि त्यांनी चुका समजावून द्याव्यात, अशी त्याची मूळ कल्पना होती. त्याची मराठी शाखा पुढे बहरली आणि २००८-०९ मधील ‘लिटल चॅम्प्स’च्या पर्वाने महाराष्ट्राला वेड लावले. आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत हे शेवटचे पाच. कार्तिकी विजयी झाली. या पाच नावांपुढे पाच गावे होती आणि ती गावे म्हणजे मराठी प्रदेशाचा जणू नकाशाच होता. वारकरी भजनाच्या वातावरणात वाढलेल्या मुलीचा खुला आवाज नाट्यसंगीत आणि भावगीत यांवर पोसलेल्या दिवाणखान्यांतही ऐकला गेला आणि मानला गेला. एरवी हे दोन श्रोतृवर्ग एका छपराखाली क्वचितच येतात. हे श्रेय या कार्यक्रमाला दिले पाहिजे. ते नाकारून केलेली टीका अभिजनांच्या नाक मुरडण्यापलीकडे जात नाही.

पण त्याच वेळी काय गळून पडले तेही पाहावे लागते. भजनात ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते, कारण ते एकट्या गायकाचे नसते. टाळकरी ते उचलतात, मृदंग ते पुढे नेतो, आणि पुनरावृत्तीतूनच तल्लीनता साधते. दूरचित्रवाणीच्या दोन-तीन मिनिटांत पुनरावृत्तीला वाव नाही आणि टाळकऱ्यांना जागा नाही. अभंग राहिला, भजन राहिले नाही. गोंधळाची रात्र गेली आणि त्यातला एक जोमदार तुकडा उरला. बैठकीच्या लावणीतील अदा, एकच ओळ दहा अर्थांनी सांगण्याचे कसब, हेही असेच आक्रसले. स्थानिकता पुसली गेली नाही, तिचे माप घेतले गेले. मापात बसले ते शिल्लक राहिले आणि हळूहळू तेच ‘आपले’ म्हणून ओळखले जाऊ लागले. खरा धोका असेल तर तो येथे आहे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अजय-अतुल यांच्या परीक्षणाखाली ‘इंडियन आयडॉल मराठी’ सुरू झाले तेव्हा त्या शीर्षकातच ही सारी उतरंड दिसत होती. साच्याचे नाव इंग्रजी, त्याला देशाचे विशेषण, आणि शेवटी भाषेचे नाव. मराठी शब्दक्रमानुसार विशेषण आधी यावे. येथे ते पुरवणीसारखे अखेरीस जोडले गेले. भाषा म्हणजे मूळ वस्तूची एक आवृत्ती, असे हे व्याकरण सांगते.

४

स्पर्धा ही कल्पना मात्र मराठी परंपरेला परकी नाही. शाहिरांच्या कलगी-तुऱ्याचे उदाहरण येथे आठवावे. तुरेवाले शिवाचे, पुरुषतत्त्वाचे श्रेष्ठत्व मांडत. कलगीवाले शक्तीचे, मायेचे. एका फडाने कूट घालावे, पुराणातील किंवा अध्यात्मातील अडचणीचा सवाल करावा आणि दुसऱ्याने त्याच मंचावर, त्याच रात्री, कवनातूनच त्याचा जबाब द्यावा. रत्नागिरी जिल्ह्यात आणि कोकणी चाकरमान्यांसाठी मुंबईच्या नाट्यगृहांतही ‘शक्ती-तुरा’ या नावाने ही परंपरा चालू आहे. तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तिच्यात उखाळ्यापाखाळ्या होत, पातळी सुटे, आणि तो मंच बहुतांशी पुरुषांचा होता. पण तिची एक अट या चर्चेत निर्णायक आहे. प्रतिस्पर्ध्याचे ऐकल्यावाचून तेथे जिंकता येत नाही. त्याने काय म्हटले, कोणत्या वृत्तात म्हटले, त्यातली मेख कुठे आहे, हे कळल्याखेरीज जबाब रचताच येत नाही. ही स्पर्धा म्हणजे मुळात एक संवाद असतो.

दूरचित्रवाणीच्या साच्यात स्पर्धक एकमेकांना उत्तर देत नाहीत. जुगलबंदीच्या फेऱ्या होतात, परंतु तेथेही प्रत्येकाचा चेहरा परीक्षकांकडे आणि कॅमेऱ्याकडे असतो. दोन स्पर्धक म्हणजे एकाच कचेरीत दाखल झालेले दोन अर्ज. त्यांच्यात क्रम लावता येतो, बोलणे होत नाही. कलगी आणि तुरा यांच्या वादात विचारांच्या दोन बाजू होत्या. येथे बाजू नाहीत, फक्त जागा आहेत: पहिली, दुसरी, तिसरी.

ही अट मोडून साच्यालाच बोलायला लावल्याचे एक उदाहरण अरब जगात सापडते आणि ते संगीताचे नसून कवितेचे आहे. २००६ साली अबुधाबीने ‘शाइर अल-मिल्यून’, म्हणजे दशलक्षांचा कवी, ही स्पर्धा सुरू केली. परीक्षक, प्रेक्षकांची मते, आठवड्यागणिक बाद होणे, डोळे दिपवणारा मंच, हा सारा थाट परिचितच. मंचावर येणारे मात्र नबती कविता म्हणणारे कवी. नबती ही अरबी द्वीपकल्पातील बदूंच्या बोलीतली कविता. प्रमाण अरबीच्या अभ्यासकांनी तिला दीर्घकाळ दुय्यम लेखले. इस्लामपूर्व काळात उकाझच्या बाजारात कवींच्या स्पर्धा भरत, तेव्हा या प्रदेशाला काव्यस्पर्धा नवी नव्हती. शिवाय एकाच्या कवितेला दुसऱ्याने त्याच वृत्तात आणि त्याच यमकात उत्तर देण्याची रीत नबतीत मुरलेली आहे. येथे साचा आणि परंपरा यांचा सांधा नुसता जुळवलेला नव्हता, तो आधीपासून होता.

२०१० साली या मंचावर हिस्सा हिलाल ही सौदी कवयित्री आली. डोळ्यांखेरीज सर्व काळ्या वस्त्रांनी झाकलेले. तिने फतवे काढणाऱ्या कट्टर धर्मोपदेशकांवर थेट प्रहार करणारी कविता म्हटली. तिला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ती पुढे गेली आणि शेवटी तिसरी आली. या प्रसंगाचे महत्त्व तिच्या क्रमांकात नाही. साच्याने तिच्याकडून मागितली होती ती स्थानिकतेची खूण: पारंपरिक वेष, पारंपरिक वृत्त, बोली. या तिन्ही गोष्टी तिने दिल्या आणि त्या देत असतानाच ती त्या परंपरेच्या आतून परंपरेच्या ठेकेदारांना उद्देशून बोलली. तिची कविता परीक्षकांपुढे सादर झाली खरी, पण तिचा श्रोता परीक्षक नव्हता. तो सवाल होता आणि जबाब मागणारा होता. अर्थात त्या स्पर्धेमागे राजसत्तेचा पैसा आणि राष्ट्रीय वारसा घडवण्याचा हेतू आहे, टोळीच्या निष्ठेवर मते पडतात असा आक्षेपही तिच्यावर आहे. हे सर्व जमेस धरूनही असे म्हणता येईल, की साचा परका असणे ही अडचण नाही. त्यात उभे राहणाऱ्याला कोणाशी तरी बोलायचे आहे की नाही, यावर बरेच अवलंबून असते.

देशीयतेविषयीच्या मराठी चर्चेत ‘बाहेरचे’ आणि ‘आतले’ अशी विभागणी फार सहजपणे केली जाते. या उदाहरणापुढे ती टिकत नाही. बाहेरून आलेल्या घाटात आतला वाद चालू शकतो आणि पूर्णपणे घरच्या असलेल्या कार्यक्रमात आतले असे काहीच उरू नये, हेही शक्य आहे. देशी काय हे कृतीच्या उगमावरून ठरवता येत नाही. त्या कृतीत कोण कोणाला काय विचारते यावरून ते अधिक खात्रीने ओळखता येते.

५

आता पुन्हा दार्जिलिंगकडे वळता येईल. हिस्सा हिलालजवळ तिची कविता होती. प्रशांत तमांगजवळ असे काही नव्हते. तो भला, साधा, काहीसा संकोची गायक होता आणि दुसऱ्यांची गाणी गात होता. मग त्या डोंगराने त्याच्यात काय ऐकले?

नेपाळी भाषेचा भारतीय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला तो १९९२ साली, एकाहत्तराव्या घटनादुरुस्तीने. त्याच दुरुस्तीने कोकणी आणि मणिपुरी यांनाही ते स्थान मिळाले. मराठी वाचकाने हा शेजार विसरू नये. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद घालणाऱ्यांत मराठी विद्वान आघाडीवर होते आणि आपली भाषा ही भाषा आहे हे दुसऱ्यांना पटवून देण्यात पिढ्या खर्च होणे म्हणजे काय, हे गोव्याने अनुभवले आहे. दार्जिलिंगचे दुखणे त्याहून एक पायरी खोल होते. इंद्रबहादूर राई यांच्यासारखा समर्थ कथाकार आणि समीक्षक ज्या गावाने दिला तेथील माणसाला ‘तुम्ही नेपाळचे की भारताचे?’ हा प्रश्न स्वतःच्याच देशात ऐकावा लागतो. भाषेला अनुसूचीत जागा मिळाली, माणसाच्या चेहऱ्याला मिळाली नाही. देशाच्या मनात त्या चेहऱ्याची जागा इमारतीच्या फाटकाशी होती.

या पार्श्वभूमीवर ‘इंडियन आयडॉल’ या शीर्षकातील पहिला शब्द वाचावा. इतर प्रांतांतील प्रेक्षकांना तो केवळ विशेषण होता. डोंगरावर तो शब्द म्हणजेच सगळा अर्थ होता. प्रशांत नेपाळी गाणी गायला असता तर तो नेपाळी ठरला असता, आणि ते तर कोणी नाकारतच नव्हते. तो हिंदी गाणी गायला, साऱ्या देशासमोर गायला, आणि देशाने मत देऊन त्याला ‘भारतीय’ म्हणावे एवढीच मागणी होती. संहितेत नेपाळी काही नव्हते ही उणीव नव्हती. तोच त्या संहितेचा मुद्दा होता. कोट्यवधी मतांनी मिळालेल्या त्या दाखल्यावर पाचच दिवसांत एका निवेदकाने थट्टेची शाई सांडली. त्या उद्गारांनी जो वणवा पेटला तो त्या थट्टेच्या मानाने अवाजवी वाटेल. त्या दाखल्याच्या मानाने वाटणार नाही.

पराभूत अमित पॉलची कथाही याच जातीची आहे. तो शिलाँगमधील बंगाली कुटुंबातला. १९७९ नंतरच्या दशकांत त्या शहराने खासी आणि बिगर-आदिवासी यांच्यातील दंगे पुन्हा पुन्हा पाहिले होते. २००७ च्या त्या महिन्यांत मात्र खासी माणसे एका ‘डखार’ मुलासाठी, म्हणजे परक्यासाठी, मते देत रस्त्यावर नाचली आणि मेघालय सरकारने त्याला सलोख्याचा दूत नेमले. एकाच साच्यातून एका डोंगरावर दुरावलेले शेजारी जवळ आले आणि दुसऱ्या डोंगराच्या पायथ्याशी संचारबंदी लागली. साच्याच्या पोथीत या दोहोंपैकी कशाचाही उल्लेख नव्हता.

साच्याने आपले माप घेतले, एवढेच येथे खरे नाही. माणसांनीही साच्याचे माप घेतले आणि त्याला जे पेलणार नव्हते ते त्याच्यावर लादले. मतदान हा त्या कार्यक्रमात उत्पन्नाचा एक मार्ग होता. ज्यांना खरे मत देऊन काही मिळाले नव्हते त्यांनी ते खरे मत समजून दिले. त्यांचा सवाल पर्व संपल्यावरही मंचावर तसाच उभा राहिला. कलगी-तुऱ्याच्या आखाड्यात सवाल असा सोडून समोरच्या फडाला घरी जाता येत नाही. पहाट झाली तरी जबाब द्यावा लागतो. दूरचित्रवाणीच्या मंचावरचे दिवे मात्र ठरल्या वेळी मालवले गेले आणि पुढच्या पर्वाच्या चाचणीफेऱ्या जाहीर झाल्या.